'लाफ्ड'च्या मागचं 'ॲट' कुठे गेलं? इंग्रजी पॅसिव्ह आणि त्याला चिकटलेले छोटे शब्द

खात्यातून पाचशे रुपये गेले की मोबाईलवर मेसेज येतो. एका बँकेच्या मेसेजमध्ये असतं 'डेबिटेड बाय रुपये ५००', दुसरीच्या मेसेजमध्ये 'डेबिटेड फॉर', तिसरीच्या 'डेबिटेड फ्रॉम युअर अकाउंट'. शाळेत पॅसिव्ह व्हॉइस शिकताना आपल्याकडून एकच गोष्ट घोकून घेतलेली असते, की 'बाय' आला की त्याच्यापुढे काम करणारा येतो, रावण वॉज किल्ड बाय रामा, संपला विषय. मग 'बाय'च्या पुढे पाचशे रुपये कसे काय आले? आणि तिन्ही मेसेज एकच गोष्ट सांगत असतील तर तीन वेगळे शब्द कशाला?

व्हॉइस बदला हा प्रश्न दहावीला येतो, स्पर्धा परीक्षांना येतो, मुलं त्यात पैकीच्या पैकी मार्क पण मिळवतात, आणि तीच मुलं नोकरीला लागल्यावर ईमेलमध्ये 'द कम्प्लेंट वॉज लुक्ड बाय द मॅनेजर' असं लिहितात. यात त्यांचा दोष फार थोडा आहे असं मला मनापासून वाटतं, कारण पॅसिव्ह शिकवताना क्रियापदाचं रूप शिकवलं जातं पण त्या क्रियापदाच्या मागेपुढे जे छोटे शब्द येतात, ॲट, इनटू, ऑफ, अप, विथ, आणि केअरफुली, वेल, ऑलरेडी असले शब्द, त्यांचं काय होतं ते कुणी सांगतच नाही. आणि खरा घोळ तिथेच होतो.

आधी थोडा पाया

'पोलीस अरेस्टेड द थीफ' हे सरळ वाक्य. याचं पॅसिव्ह 'द थीफ वॉज अरेस्टेड'. ज्याच्यावर क्रिया झाली तो पुढे येऊन कर्त्याच्या जागेवर बसला, मध्ये 'बी'चं एक रूप आलं (इज, वॉज, बीन, बीइंग, जे काय असेल ते) आणि क्रियापद तिसऱ्या रूपात गेलं. ज्यांनी पकडलं त्यांना वाक्यात ठेवायचंच असेल तर शेवटी 'बाय द पोलीस'. ठेवायची सक्ती नाही, उलट प्रत्यक्षात लिहिल्या-बोलल्या जाणाऱ्या बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत 'बाय'वाला भाग नसतोच.

अजून दोन शब्द लागतील. प्रीपोझिशन म्हणजे इन, ऑन, ॲट, विथ यांसारखे नामाच्या आधी येणारे शब्द, आपल्याकडे हेच काम 'वर, मध्ये, कडे, ने, ला' करतात पण नामाच्या नंतर येऊन. ॲडव्हर्ब म्हणजे क्रिया कशी, कधी, किती वेळा झाली ते सांगणारा शब्द. आणि लिहिण्यापुरती एक सोय, इंग्रजीत एक एफवालं आणि दोन एफवालं असे दोन वेगळे शब्द आहेत, देवनागरीत दोन्ही 'ऑफ' होतात, म्हणून एक एफवाल्याला मी इथे 'ऑव्ह' लिहितेय, उच्चार तसाच आहे त्याचा.

नाम पुढे गेलं, प्रीपोझिशन मागे राहिलं

'एव्हरीवन लाफ्ड ॲट हिम.' सगळे त्याला हसले. याचं पॅसिव्ह करायला सांगितलं की दहातले बरेच जण लिहितात 'ही वॉज लाफ्ड बाय एव्हरीवन'. 'ॲट' गायब. बरोबर वाक्य आहे 'ही वॉज लाफ्ड ॲट बाय एव्हरीवन'. 'ॲट' आणि 'बाय' एकमेकांना खेटून उभे, आणि हेच डोळ्यांना खुपतं, दोन प्रीपोझिशन शेजारी शेजारी कशी असतील असं वाटून माणूस एक उडवून टाकतो.

आपल्यालाच हे का खुपतं ते बघू. मराठीत 'त्याला', 'प्रकरणात', 'मुलांची' यातला 'ला', 'त', 'ची' नामाच्या अंगालाच चिकटलेला असतो, नाम जिथे जाईल तिथे तो सोबत जातो. 'त्या प्रकरणात लक्ष घातलं गेलं' असं आपण म्हणतो तेव्हा क्रियापद बदललं तरी 'प्रकरणात'चा 'त' जिथल्या तिथे. 'त' काढून नुसतं 'प्रकरण' पुढे आणलं आणि 'त' कुठेतरी क्रियापदाजवळ सोडून दिला असं मराठीत होऊच शकत नाही. इंग्रजीत मात्र अगदी तेच होतं. भाड्याचं घर सोडताना माणूस स्वतःचं सामान घेऊन जातो पण भिंतीतला नळ आणि बेसिन घराचं असतं ते घरातच राहतं, तसं समजा. मराठीत प्रत्यय हे नामाचं सामान आहे. इंग्रजी पॅसिव्हमध्ये प्रीपोझिशन हे क्रियापदाच्या घराचं फिटिंग आहे, नाम उठून वाक्याच्या पुढे गेलं तरी ते क्रियापदापाशीच राहणार.

म्हणून 'दे लुक्ड इनटू द मॅटर'चं 'द मॅटर वॉज लुक्ड इनटू' होतं. 'समवन हॅज स्लेप्ट इन धिस बेड'चं 'धिस बेड हॅज बीन स्लेप्ट इन'. 'दे टॉक अबाउट हर'चं 'शी इज टॉक्ड अबाउट'. वाक्याच्या शेवटी 'इन', 'अबाउट', 'इनटू' असे लोंबकळताना दिसतात, पण ते लोंबकळत नाहीयेत, त्यांची जागाच ती आहे.

हे फक्त मराठी माणसाला विचित्र वाटतं असं अजिबात नाही. जर्मन आणि फ्रेंचमध्ये सुद्धा अशी रचना चालत नाही, तिथलेही लोक इंग्रजी शिकताना इथे अडखळतात. नॉर्वेजियन, स्वीडिश अशा काही थोड्या भाषांमध्ये ती सापडते. खुद्द इंग्रजीतसुद्धा ती पहिल्यापासून नव्हती, जुन्या इंग्रजीत असली वाक्यं मिळत नाहीत, साधारण तेराव्या शतकापासून दिसायला लागतात. म्हणजे इंग्रजी भाषेलाच ही सवय मागाहून लागलेली आहे, आपण पहिल्या फटक्यात चुकलो तर त्यात नवल नाही.

मग कुठलंही प्रीपोझिशन असं मागे ठेवता येतं का?

नाही, आणि इथे प्रकरण मजेशीर होतं. 'वी अराइव्ह्ड ॲट द स्टेशन' याचं 'द स्टेशन वॉज अराइव्ह्ड ॲट' केलं तर इंग्रज माणूस तोंड वाकडं करेल. पण 'वी अराइव्ह्ड ॲट अ डिसिजन'चं 'अ डिसिजन वॉज अराइव्ह्ड ॲट' हे सरकारी कागदपत्रांत आरामात चालतं. शब्द तेच, क्रियापद तेच. फरक असा की स्टेशनच्या बाबतीत 'ॲट' खरंच जागा सांगतंय, तर डिसिजनच्या बाबतीत 'अराइव्ह ॲट' मिळून एकच अर्थ झालाय, ठरवणं. जिथे क्रियापद आणि प्रीपोझिशन मिळून एक अर्थ होतो तिथे पॅसिव्ह पटकन बनतं. 'गो इनटू'चं पण तसंच, बोगद्यात शिरलात तर 'द टनेल वॉज गॉन इनटू' चालणार नाही, पण एखाद्या विषयाच्या खोलात गेलात तर 'द मॅटर वॉज गॉन इनटू' चालेल.

दुसरी कसोटी, त्या वस्तूवर काही परिणाम झालाय का. पलंगावर कुणी झोपलं तर चादर चुरगळते, पलंग वापरलेला दिसतो, म्हणून 'द बेड हॅज बीन स्लेप्ट इन'. पण कुणी पुण्यात झोपलं म्हणून पुण्याला काही फरक पडत नाही, 'पुणे हॅज बीन स्लेप्ट इन' हे वाक्य होत नाही. या दोन कसोट्या अगदी घट्ट नियम नाहीत, मधली बरीच वाक्यं अशी आहेत की एका इंग्रज माणसाला चालतात आणि दुसऱ्याला नाही, पण नव्वद टक्के वेळा डोकं चालवायला पुरतात.

मध्ये अजून एक नाम अडकलं असेल तर? 'शी पोअर्ड वॉटर इनटू द ग्लास' यातून 'ग्लास' उचलून पुढे आणता येत नाही, 'द ग्लास वॉज पोअर्ड वॉटर इनटू' हे सरळ चूक, पाणीच पुढे आलं पाहिजे. पण 'टेक केअर ऑव्ह', 'मेक फन ऑव्ह', 'टेक ॲडव्हांटेज ऑव्ह' यातलं मधलं नाम क्रियापदात इतकं मुरलंय की अख्खा गठ्ठा एक क्रियापद असल्यासारखा वागतो. 'द चिल्ड्रन वेअर टेकन केअर ऑव्ह' अगदी बरोबर. आणि 'केअर'ला पुढे आणून 'गुड केअर वॉज टेकन ऑव्ह द चिल्ड्रन' हेही बरोबर. यातला बारीक फरक बघा, पहिल्या प्रकारात चांगली काळजी म्हणायचं तर 'वेल टेकन केअर ऑव्ह', दुसऱ्या प्रकारात 'गुड केअर'. एकदा 'वेल', एकदा 'गुड', कारण पहिल्यात तो शब्द क्रियापदाला लागतोय आणि दुसऱ्यात 'केअर' या नामाला.

'पुट ऑफ' मधलं 'ऑफ' हे प्रीपोझिशन नाही

दिसायला सारखेच पण जातीने वेगळे असे काही शब्द आहेत. 'द मीटिंग वॉज पुट ऑफ', 'द मॅच वॉज कॉल्ड ऑफ', 'द लाइट्स वेअर स्विच्ड ऑफ', 'द ओल्ड बिल्डिंग वॉज पुल्ड डाउन'. यातले 'ऑफ', 'डाउन' हे ॲडव्हर्बच्या जातीतले. ओळखायची युक्ती सोपी आहे, सरळ वाक्यात 'इट' मध्ये घालून बघा. 'पुट इट ऑफ' म्हणता येतं, 'पुट ऑफ इट' म्हणता येत नाही. उलट 'लाफ ॲट इट' म्हणतात, 'लाफ इट ॲट' कधीच नाही. पॅसिव्हमध्ये मात्र 'इट'च पुढे निघून जातं त्यामुळे दोन्ही जाती सारख्या दिसायला लागतात, 'वॉज पुट ऑफ' आणि 'वॉज लाफ्ड ॲट'. बोलताना तेवढा फरक ऐकू येतो, 'पुट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वर असतो, 'लाफ्ड ॲट'मध्ये जोर 'लाफ्ड'वर.

लिहिणाऱ्याच्या दृष्टीने नियम एकच, दोन्ही जातींचे शब्द पॅसिव्हमध्ये जागेवर राहतात. आणि जिथे दोन्ही एकत्र येतात, 'डू अवे विथ', 'लुक अप टू', 'लुक डाउन ऑन', 'पुट अप विथ', तिथे दोघंही राहतात. 'द ओल्ड रूल वॉज डन अवे विथ.' 'शी इज लुक्ड अप टू बाय हर स्टुडंट्स.' या दुसऱ्या वाक्यात 'अप टू बाय' असे तीन छोटे शब्द ओळीने आलेत, आणि तिन्ही हवेत. एक जरी काढला तरी अर्थ मोडतो, 'लुक्ड अप' म्हणजे डिक्शनरीत शोधलं, 'लुक्ड अप टू' म्हणजे आदराने पाहिलं.

एक 'बाय', किती अर्थ

आता मेसेजमधल्या 'बाय'कडे येऊ. मराठीत बघा, पोलिसांकडून, सोमवारपर्यंत, नदीजवळ, हाताने, पाचशे रुपयांनी. पाच वेगळे शेपूटशब्द. इंग्रजीत या पाचही ठिकाणी 'बाय' येऊ शकतं. बाय द पोलीस, बाय मंडे, बाय द रिव्हर, बाय हँड, बाय रुपये ५००. म्हणजे बँकेच्या मेसेजमधला 'बाय' हा 'पाचशे रुपयांनी' मधला 'नी' आहे, खातं पाचशे रुपयांनी कमी झालं, एवढंच. 'फॉर'वालं वाक्य पण तीच रक्कम सांगतं. तिसऱ्या मेसेजमध्ये खातं कर्त्याच्या जागेवर नाहीच, पैसे आहेत, पैसे खात्यातून काढले गेले म्हणून 'फ्रॉम'. कर्त्याच्या जागेवर कोण बसलंय त्यावर पुढचं प्रीपोझिशन ठरलं.

पॅसिव्हमध्ये हा घोळ जास्त का होतो? कारण तिसऱ्या रूपानंतर 'बाय' दिसला की आपला मेंदू लगेच काम करणारा शोधायला लागतो. 'द रोड विल बी रिपेअर्ड बाय मे' वाचून कुणी मे नावाच्या बाईला शोधणार नाही, पण 'द स्कूटर वॉज हिट बाय द सिग्नल' यात सिग्नलजवळ धडक बसली की सिग्नलचा खांब अंगावर पडला हे वाक्यावरून कळत नाही. म्हणून तक्रार, पंचनामा, इन्शुरन्सचा क्लेम असं काही इंग्रजीत लिहायची वेळ आली तर जागेसाठी 'बाय' नकोच, 'निअर' किंवा 'ॲट' वापरा.

दोन 'बाय' एका वाक्यात आले तरी इंग्रजीला अडचण नसते. रॉबर्ट साउदी या इंग्रज कवीने १७९५ साली एका पत्रात दात उपटून घेणाऱ्या माणसाचं वर्णन केलंय, दात 'इज बीइंग टोर्न आउट बाय द रूट्स बाय अ मटन-फिस्टेड बार्बर'. पहिला 'बाय' कसं ते सांगतो, मुळासकट. दुसरा कोण ते सांगतो, रांगड्या मुठीचा न्हावी. आणि 'आउट' आपलं 'टोर्न'ला चिकटून बसलंय. या एका ओळीत या लेखातलं निम्मं आलं. शिवाय 'इज बीइंग टोर्न' ही रचना तेव्हा अगदी नवी होती, त्याआधी लोक 'द हाउस इज बिल्डिंग' म्हणजे घर बांधलं जातंय असं म्हणायचे, आणि एकोणिसाव्या शतकात कितीतरी व्याकरणवाल्यांनी 'इज बीइंग बिल्ट'वर टीका केली होती. आज तीच रचना शाळेत शिकवतात.

'बाय' हाच काम करणाऱ्याचा शब्द हेही कायमचं नव्हतं. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये येशूबद्दल 'टेम्प्टेड ऑव्ह द डेव्हिल' असं आहे, आज तिथे 'बाय' येईल.

जिथे 'बाय' नसतंच

'आय ॲम इंटरेस्टेड इन', 'ही इज मॅरीड टू', 'शी वॉज सरप्राइज्ड ॲट', 'द बॉटल इज फिल्ड विथ', 'द स्टोरी इज नोन टू एव्हरीवन'. यातली बरीच तिसरी रूपं आता क्रिया सांगतच नाहीत, स्थिती सांगतात, विशेषणासारखी झालीयेत, आणि प्रत्येकाने आपापलं प्रीपोझिशन धरून ठेवलंय. ती पाठच करावी लागतात, दुसरा उपाय मला माहीत नाही. 'मॅरीड विथ' आपल्याकडे फार ऐकू येतं कारण मराठीत 'च्याशी' लग्न होतं, पण इंग्रजीत 'मॅरीड टू'. 'नोन'चं तर पूर्ण कुटुंब आहे: नोन टू म्हणजे कुणाला माहीत, नोन फॉर म्हणजे कशासाठी प्रसिद्ध, नोन ॲज म्हणजे कोणत्या नावाने, आणि 'नोन बाय' म्हणजे कशावरून ओळखला जातो.

'विथ' आणि 'बाय' यातला फरक मात्र नीट समजून घ्या, कारण त्यावर दोष कुणाचा ते ठरतं. 'द विंडो वॉज ब्रोकन विथ अ स्टोन' म्हणजे कुणीतरी दगड हातात घेऊन काच फोडली. 'द विंडो वॉज ब्रोकन बाय अ स्टोन' म्हणजे दगडाने काच फुटली, तो उडून आला, डोंगरावरून घरंगळला, माणूस असलाच पाहिजे असं नाही. हत्यार सांगणाऱ्या अशा 'विथ'च्या मागे एक न दिसणारा हात असतो.

ॲडव्हर्ब ठेवायचं कुठे?

इथे लोक सगळ्यात जास्त अंदाजपंचे लिहितात. दोन गट करा म्हणजे सोपं होतं. ऑलरेडी, नेव्हर, ऑल्वेज, प्रॉबेब्ली असे शब्द पहिल्या हेल्पिंग व्हर्बच्या लगेच नंतर बसतात: 'हॅज ऑलरेडी बीन सेंट', 'विल नेव्हर बी फरगॉटन', 'विल प्रॉबेब्ली बी कॅन्सल्ड'. क्रिया कशी झाली ते सांगणारे शब्द, केअरफुली, बॅडली, वेल, हे तिसऱ्या रूपाला खेटून बसतात: 'हॅज बीन केअरफुली चेक्ड', 'वॉज बॅडली इंजर्ड', 'इज बीइंग स्लोली रिपेअर्ड'. दोन्ही एकत्र आले तर दोघं आपापल्या जागी: 'हॅज ऑलरेडी बीन केअरफुली चेक्ड'. 'केअरफुली' वाक्याच्या शेवटी पण चालतं, पण वाक्य लांब असेल तर वाचणारा तिथे पोचेपर्यंत ते कशाला लागतंय ते विसरतो.

'वेल'ची गंमत अशी की सरळ वाक्यात ते सहसा क्रियापदाच्या आधी येत नाही. 'शी वेल रोट द बुक' चूक. पण पॅसिव्हमध्ये 'द बुक इज वेल रिटन' एकदम फर्स्टक्लास. सरळ वाक्यात क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये काही घुसवता येत नाही म्हणून 'वेल'ला शेवटी जावं लागतं, 'शी रोट द बुक वेल'. पॅसिव्हमध्ये कर्म उठून गेलेलं असतं, तिसरं रूप मोकळं असतं, मग 'वेल' त्याच्या आधी बसतं.

आता प्रीपोझिशन आणि ॲडव्हर्ब दोन्ही असतील तर? सरळ वाक्यात 'दे लुक्ड केअरफुली इनटू द मॅटर' बरोबर आहे, 'केअरफुली' मध्ये घुसलंय आणि चालतंय. पॅसिव्हमध्ये 'द मॅटर वॉज लुक्ड केअरफुली इनटू' केलं की वाक्य फसलं. 'द मॅटर वॉज केअरफुली लुक्ड इनटू' असंच लागतं. 'दे लाफ्ड लाउडली ॲट हिम' बरोबर, 'ही वॉज लाफ्ड लाउडली ॲट' चूक. म्हणजे सरळ वाक्यात प्रीपोझिशन थोडं नामाचं थोडं क्रियापदाचं असतं, मध्ये फट असते, पण पॅसिव्ह झालं की ते क्रियापदाशी पक्कं बसतं आणि मध्ये काहीच मावत नाही. मला विचाराल तर या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि शाळेच्या पुस्तकात मी ती कधी पाहिली नाही.

याचा पुरावा इंग्रजी शब्दांमध्येच सापडतो. 'अनहर्ड ऑव्ह', 'अनकॉल्ड फॉर'. 'अन' हा उपसर्ग एकट्या 'कॉल्ड'ला लावून नुसतं 'अनकॉल्ड' केलं तर अनाठायी हा अर्थ येत नाही, 'कॉल्ड फॉर' हा अख्खा तुकडा एक शब्द मानून त्याला 'अन' लागलाय. तसंच 'अ मच-टॉक्ड-अबाउट फिल्म', 'अ वेल-लुक्ड-आफ्टर गार्डन'. पूर्ण तुकडा उचलून विशेषण केला, आणि ॲडव्हर्ब बरोबर त्याच्या डोक्यावर.

एक सावधगिरी. मनःस्थिती सांगणारी ॲडव्हर्ब पॅसिव्हमध्ये दुटप्पी होतात. 'द डॉक्टर विलिंगली एक्झामिन्ड द पेशंट' यात राजीखुशी डॉक्टरची. 'द पेशंट वॉज विलिंगली एक्झामिन्ड बाय द डॉक्टर' यात राजी कोण, पेशंट की डॉक्टर? दोन्ही अर्थ निघतात. संमतीपत्र, चौकशीचा रिपोर्ट असल्या कागदांवर हा फरक कुणाचं तरी नुकसान करू शकतो, तिथे सरळ वाक्य लिहिलेलं बरं.

पण वाक्याच्या शेवटी प्रीपोझिशन चुकीचं ना?

असं शिकवणारे आजही भेटतात. या समजुतीचं मूळ जॉन ड्रायडन या कवीपाशी जातं, १६७२ मध्ये त्याने बेन जॉन्सन या नाटककाराच्या लिखाणातल्या अशा वाक्यांना नावं ठेवली होती. त्याआधी आणि त्यानंतर लोक आरामात असं लिहीत आलेत. आणि पॅसिव्हच्या बाबतीत तर पर्यायच नाही, 'टू हूम डिड यू टॉक' असं म्हणून प्रश्नात प्रीपोझिशन पुढे नेता येतं, पण 'ही वॉज लाफ्ड ॲट' मधलं 'ॲट' नेणार कुठे?

पॅसिव्ह वापरूच नये म्हणतात, त्याचं काय?

'कुणी केलं' ते लपवायला पॅसिव्ह सोयीचं पडतं, म्हणून तो सल्ला आला. १९८७ च्या भाषणात अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणला केलेल्या शस्त्रविक्रीच्या प्रकरणाबद्दल 'मिस्टेक्स वेअर मेड' असे शब्द वापरले, चुका झाल्या, कुणाकडून ते नाही. तिथे टीका योग्यच आहे. पण 'द पेशंट वॉज ऑपरेटेड ऑन ॲट सिक्स' यात काय लपलंय? पेशंटच्या घरच्यांना पेशंटबद्दल ऐकायचंय, म्हणून पेशंट पुढे. आणि इथेही 'ऑन' विसरायचं नाही, आपल्याकडे 'ही वॉज ऑपरेटेड' सर्रास म्हणतात, इंग्रजीत मशीन ऑपरेट होतं, माणूस 'ऑपरेटेड ऑन' होतो.

उलटी चूक, नको तिथे प्रीपोझिशन

विसरण्याइतकीच आपल्याकडे जास्तीचं घालायची पण सवय आहे. 'डिस्कस अबाउट', 'ऑर्डर फॉर', 'एम्फसाइझ ऑन'. या क्रियापदांना प्रीपोझिशन लागतच नाही, थेट कर्म घेतात. आपण 'विषयावर' चर्चा करतो, 'भर देतो' तेही कशावर तरी, तो 'वर' इंग्रजीत सांडतो. मग पॅसिव्हमध्ये 'द इश्यू वॉज डिस्कस्ड अबाउट इन द मीटिंग' तयार होतं. शंका आली की सरळ वाक्य मनात म्हणा, तिथे प्रीपोझिशन नसेल तर पॅसिव्हमध्ये येणार नाही, तिथे असेल तर पॅसिव्हमध्ये जाणार नाही.

एक लांब वाक्य सोडवून बघू

'द प्रपोझल हॅड बीन रिपीटेडली पुट ऑफ बाय द कमिटी, अँड वॉज फायनली डन अवे विथ बाय द एंड ऑव्ह मार्च.' ऑफिसच्या कागदात सापडेल असं वाक्य आहे. 'पुट ऑफ' एक तुकडा, पुढे ढकलणं, त्याच्या आधी 'रिपीटेडली', पुन्हा पुन्हा. 'डन अवे विथ' दुसरा तुकडा, रद्द करणं, त्याच्या आधी 'फायनली'. 'विथ' आणि 'बाय' शेजारी आलेत, पण 'विथ' हा 'डन अवे'चा आहे, तो हलवायचा नाही. पहिला 'बाय' कमिटीचा, म्हणजे प्रस्ताव कुणी लांबवला ते कळलं. दुसरा 'बाय' मार्चचा, तो फक्त 'पर्यंत' सांगतोय. वाचणारे बहुतेक जण समजतात की रद्द पण कमिटीनेच केला, पण वाक्यात तसं कुठेही म्हटलेलं नाही, दुसऱ्या अर्ध्या भागात काम करणारा नाहीच आहे. तो हवा असेल तर कागद पाठवणाऱ्याला विचारावं लागेल.